न हलवण्याचा हात

माणसाचं शरीर मोडलं तरी पुन्हा उभं राहू शकतं, त्याला फक्त आधार द्यावा लागतो. हे वाक्य डॉ. देवव्रत गायधनी यांनी सहा वर्षांत एकोणीस परिषदांमध्ये म्हटलं होतं आणि दर वेळी समोरच्यांनी माना डोलावल्या होत्या. सहा वर्षांत प्रत्यक्ष उभं राहिलेलं शरीर मात्र एकच होतं. ते एका उंदराचं होतं, आणि तोही पुढे पिंजऱ्याच्या दारात सापडून गेला.

देवव्रत हे नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या जैवसामग्री केंद्राचे प्रमुख. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज आणि 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी. इथे ते रेशमाची जाळी बनवत. येवल्याच्या मागांवर पैठणी विणताना जे बिनरंगाचं रेशीम वाया जातं ते पोत्याने आणायचं, धुण्याच्या सोड्यात उकळून त्याचा चिकटपणा काढायचा, क्षाराच्या पाण्यात विरघळवायचं, आणि गोठवून, सुकवून त्याची पापडाएवढी, स्पंजासारखी भोकाभोकांची चकती करायची. ही चकती उघड्या जखमेवर बसवली की आजूबाजूच्या पेशी भोकांतून आत शिरतात, रक्तवाहिन्या येतात, मांस धरतं, आणि काम झालं की रेशीम आपलं आपण विरघळून जातं. कल्पना खरोखर चांगली होती. ती देवव्रतांची नव्हती, जगात पुष्कळ ठिकाणी यावर काम चालू होतं. पण येवल्याचं रेशीम वापरायची भर त्यांची होती. तिथलं रेशीमही मुळात बंगळूरकडून येतं, मात्र ही गोष्ट फलकावर बसत नव्हती.

केंद्राकडे नैतिकता समितीची परवानगी होती, एका खाजगी रुग्णालयाशी करार होता, करारावर सह्या करतानाचा फोटोही होता. नव्हता तो रुग्ण. तो सातपूरच्या औद्योगिक वसाहतीने पुरवला.

गोरक्ष पिंगळ हा भारतशेठ निरगुडे यांच्या कारखान्यात डाय सेटर होता. पत्र्याचे सुटे भाग ठोकणारे सात पॉवर प्रेस, आणि त्यांच्यात साचे बसवणारा एकटा गोरक्ष. वरचा साचा खालच्यात नीट उतरतोय की केसभर सरकलाय हे बाकीचे लोक गेज लावून बघायचे. गोरक्ष त्या फटीवरून उजव्या हाताची दोन बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "मागून जरासा उचललाय." मग गेज लावलं की तेच निघायचं. भारतशेठ पाहुण्यांना मशीन नंतर दाखवत, ही दोन बोटं आधी.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याची खात्री. ही युक्ती ज्याने काढली त्याला महिन्याचं टार्गेट नसावं. भारतशेठांच्या सातही प्रेसच्या उजव्या बटणात लाकडाची पाचर मारलेली होती. मार्चमधल्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, चार नंबरच्या प्रेसमध्ये अडकलेला पत्रा काढायला गोरक्षने उजवा हात आत घातला. तोल सावरायला डावा हात जिथे टेकला, तिथे डावं बटण होतं.

"पाचर कोणी मारली?" भारतशेठांनी रुग्णालयात पोचल्यावर पहिलं हे विचारलं.

"सगळ्यांनीच, शेठ. तुमीच म्हनले होते ना."

"मी 'काम उरका' म्हणालो होतो. 'पाचर' हा शब्द माझ्या तोंडून निघाला होता का?"

गोरक्षने आठवून बघितलं. "नाय," तो म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि हे सगळ्यांना फार उपयोगी पडत आलं होतं.

तळहात वाचला होता. मागची कातडी मात्र हातमोजा ओढून काढावा तशी मनगटापासून बोटांच्या मधल्या पेरापर्यंत निघाली होती आणि बोटं उचलणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या उघड्या पडल्या होत्या. प्लास्टिक सर्जन डॉ. स्वरदा गर्गे यांनी मोडलेली हाडं तारांनी जोडली, जखम धुतली आणि दुसऱ्या दिवशी खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. खाटेच्या एका बाजूला गोरक्षची आई सुलाबाई डब्याचं झाकण घट्ट धरून बसली होती, दुसऱ्या बाजूला भारतशेठ.

"या दोऱ्या झाकल्या नाहीत तर वाळतील, वाळल्या की बोटं गेली," स्वरदा म्हणाल्या. "जुना उपाय असा, की हात जांघेजवळ पोटाला शिवून ठेवायचा. तीन आठवडे. तिथली कातडी हाताला धरली की कापून मोकळा करायचा. दिसायला बेढब होतो, जाड होतो. पण हात राहतो. मी दीडशेच्या वर केलेत."

"फट कळंल का मॅडम?"

"कसली फट?"

गोरक्षने डाव्या हाताने हवेत साचा काढून दाखवला. स्वरदांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोटाच्या टोकाला कळेल. पण टोक तिथवर न्यायला बोट वळायला हवं. वर मांसाची गादी राहिली तर किती वळेल, नाही सांगता येत."

"जांघेत हात शिवून तीन आठवडे?" भारतशेठ म्हणाले. "अहो, परवा फॅक्टरी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला येणार. त्याच्यापुढे हा असा पायजम्यात हात घालून पडलेला दाखवू?"

भारतशेठ देवव्रतांच्या महाविद्यालयाच्या सल्लागार मंडळावर होते. चार वर्षांत त्यांनी एकही सल्ला दिला नव्हता. त्या दुपारी त्यांनी पहिला दिला, आणि तासाभरात देवव्रत थर्मोकोलचा डबा छातीशी धरून खोलीत आले.

त्यांनी आधी परिषदेतलं वाक्य म्हटलं. मग चकती कशी काम करते ते सांगितलं. पेशी, छिद्रं, आंतरपेशीय आधारद्रव्य. सुलाबाई आंतरपेशीय या शब्दावर झोपी गेली. गोरक्ष मात्र ऐकत होता. त्याच्या घरची दिंडोरी तालुक्यात पाऊण एकर द्राक्षबाग होती.

"म्हंजे मांडव," तो म्हणाला. "अँगल उभे करायचे, तारा वढायच्या, आन् वेल वर चढवायचा."

"अगदी! मांडव!" देवव्रतांना विसाव्या परिषदेसाठी वाक्य मिळालं.

"मंग वेल धरस्तोवर मांडव हलाया नको. कवळी काडी वाऱ्यानं तारंला घासली तरी जाती."

"एकवीस दिवस. एकवीस दिवस हा हात हलता कामा नये, त्यावर वजन पडता कामा नये. बाविसाव्या दिवशी डॉक्टर मॅडम मांडीची पातळ कातडी वर लावतील. हात पातळ राहील, बोटं मोकळी वळतील."

"आन् वेल चढल्यावर मांडव इरघळून जातो म्हनता. मग वेल कशावर उभा राहतो?"

"चांगला प्रश्न आहे," देवव्रत म्हणाले आणि संमतीपत्र काढलं.

स्वरदांनी शेवटचं एकदा सांगितलं, की उंदरावर चालतं ते माणसावर चालतंच असं नाही, आणि हा प्रयोग आहे. गोरक्षने विचार केला. बेढब हात घेऊन तो जगू शकत होता. लग्नं, बाजार, शेत, सगळं त्या हाताने झालं असतं. पण साच्याच्या फटीवरून बोटं फिरवताना आजूबाजूचे दहा जण कामं थांबवून त्याच्या तोंडाकडे बघायचे, ते त्या हाताने झालं नसतं. भारतशेठांनीही सांगून ठेवलं होतं, "हात घेऊन ये, जागा तुझी." हात म्हणजे कुठला हात, हे दोघांनाही माहीत होतं.

"मांडवच घाला," तो म्हणाला.

संमतीपत्र नऊ पानांचं होतं. 'मी हा निर्णय स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय घेत आहे' या ओळीखाली सही करायची होती. भारतशेठांनी स्वतः पेन पुढे केलं. गोरक्षने ते डाव्या हातात धरलं आणि सही केली.

स्वरदांनी कागद उचलून पाहिला. "डाव्या हाताने इतकी सरळ सही?"

"डावराच जल्मला ना त्यो," सुलाबाई जागी होऊन म्हणाली. "घास डाव्या हातानं, दगड डाव्या हातानं. चार पाव्हन्यांत बसलं की मान खाली. मंग म्या काय केलं, जेवायला बसला की डावा हात लुगड्याच्या फडक्यानं पाठीशी बांधायची. परसाद डाव्या हातानं घेतला की उलथनं. दोन वरीस लागले. पर आनला सरळ." मुलगा दहावीला तालुक्यात पहिला आल्याचं एखाद्या आईने सांगावं, तसं तिने हे सांगितलं.

शुक्रवारी चकती बसवली. त्या दिवसापासून गोरक्षने हात न हलवण्याचं काम सुरू केलं.

हे काम त्याने साचा बसवावा तसं केलं. हात छातीच्या उंचीवर उशीवर ठेवलेला, गळ्यात पट्टा. झोपेत कूस बदलू नये म्हणून त्याने सुलाबाईला खाटेच्या कठड्याला आपला खांदा बांधायला लावलं. बांधण्यात ती तरबेज होती. नाकावर डास बसला तर तो बसू देई. भेटायला आलेल्या चुलत भावाने लांबून "काय म्हनतो हात?" म्हणत पुढे पाऊल टाकलं, तर गोरक्ष ओरडला, "बारकू, लांब! मांडव हाय!" बारकू दारातच उभा राहून सफरचंद खाऊन गेला. ती सफरचंदं त्याने गोरक्षसाठी आणली होती.

आठव्या दिवशी स्वरदांनी पट्टीची खिडकी तेवढी उघडून आत पाहिलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. पांढरी चकती गुलाबी झाली होती. कडेकडेने लाल ठिपके आत सरकले होते.

"धरतंय," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच ते आवडलेलं नव्हतं, कारण त्यांनी उलट सांगितलं होतं. तरी त्या हसल्या. "पिंगळ, खरंच धरतंय हो."

"डोळे फुटले का?" गोरक्षने विचारलं. द्राक्षाच्या काडीला फुटतात ते डोळे. स्वरदांनी हो म्हटलं. गोरक्षने त्या रात्री पहिल्यांदा सगळी भाकरी खाल्ली, डाव्या हाताने, आणि सुलाबाईने भिंतीकडे तोंड करून ते होऊ दिलं.

हे इथे थांबलं असतं तर ही गोष्ट वैद्यकीय मासिकात छापून आली असती. पण दहाव्या दिवशी देवव्रतांना फोन आला, की सिंहस्थाच्या आढावा बैठकीसाठी मंत्रिमहोदय उद्या शहरात आहेत आणि पावणेबारा ते बारा पाच ही वीस मिनिटं मोकळी आहेत.

देवव्रत पंचवटीतल्या घरचे. वडील बाळाजीशास्त्री पन्नास वर्षं यात्रेकरूंचे विधी करत आले होते आणि मुहूर्त टळला की काय टळतं हे मुलाने लहानपणापासून पाहिलेलं होतं. केंद्राचा नव्या इमारतीचा प्रस्ताव मंत्रालयात दीड वर्षं पडून होता.

"एकविसाव्या दिवसानंतर करू ना," स्वरदा म्हणाल्या.

"एकविसाव्या दिवशी ते परदेशात आहेत."

"मग ते आल्यावर."

"मॅडम, ते आल्यावर ते मंत्री असतीलच असं नाही."

 स्वरदांनी अटी घातल्या. पट्टी उघडायची नाही. उजव्या हाताला कोणी स्पर्श करायचा नाही. रुग्णवाहिकेतून न्यायचं, खुर्चीवर बसवायचं, वीस मिनिटांत परत. देवव्रतांनी सगळ्या अटी मान्य केल्या आणि टाईप करून कार्यक्रमपत्रिकेला जोडल्या. गळ्यातल्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरात 'स्पर्श करू नये' असा कागदही लावला. त्या संध्याकाळी त्यांनी वॉर्डात येऊन तालीमसुद्धा घेतली.

"शाल मंत्रिमहोदय खांद्यावर टाकतील, तुम्ही नुसती मान वाकवायची. गुच्छ माझ्याकडे. नारळ मावशींच्या ओटीत. तुमच्या हातात काहीही यायचं नाही. समजलं?"

"समजलं."

"म्हणून दाखवा."

"शाल मानंवर. गुच्छ तुमाला. नारळ आईला. हात मांडवात."

तालीम उत्तम झाली. तालमीला मंत्री नव्हते, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाचं सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर फलक होता: 'पैठणीच्या धाग्यातून श्रमिकाला नवा हात'. फलकावर मंत्रिमहोदय, भारतशेठ आणि देवव्रत यांचे फोटो होते. हाताचा नव्हता, तो जेवणाआधी बघवत नाही असं ठरलं होतं. खुर्च्या नऊ होत्या. मंत्र्यांबरोबर सतरा जण वर चढले. त्यात सुलाबाईची खुर्ची गेली. तिला खाली पहिल्या रांगेत बसवलं. गोरक्षची खुर्चीही एका माजी नगरसेवकाने घेतली, त्यामुळे गोरक्ष उभा राहिला, शालींच्या गठ्ठ्याशेजारी. हात छातीशी धरून तो येणाऱ्याजाणाऱ्या कोपरांवर नजर ठेवून होता.

भारतशेठ बोलले. आपल्या कारखान्यात कामगार म्हणजे कुटुंब, असं त्यांनी सांगितलं. देवव्रतांनी मांडवाचं वाक्य म्हटलं; टाळ्या पडल्या. मंत्रिमहोदय बोलले. पैठणी ही आपली संस्कृती आहे, आणि आज ती संस्कृती या बांधवाच्या अंगात शिरली आहे, असं ते म्हणाले. स्वरदा मागच्या दाराशी घड्याळाकडे पाहत उभ्या होत्या. बारा वाजून आठ मिनिटं झाली होती.

मग सत्कार. शाल पडली; गोरक्षने मान वाकवली. गुच्छ आला, देवव्रतांनी तो मध्येच झेलला. आणि मंत्रिमहोदयांच्या हातात कोणीतरी नारळ दिला.

सोललेला नव्हता. मोठा, शेंडीचा, कुंकू लावलेला. मंत्र्यांनी आजवर हजारो नारळ दिलेले होते, त्यामुळे त्यांनी समोर पाहिलं नाही, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि नारळ पुढे केला. सुलाबाई खाली होती. देवव्रतांचे दोन्ही हात गुच्छात होते. नारळ हवेत राहिला.

गोरक्षने डावा हात पुढे केला.

मंत्र्यांचा हात एक इंचभर मागे गेला. त्यात राग नव्हता, सवय होती. डाव्या हातात श्रीफळ देताना फोटो गेला तर विरोधक काय करतील याचं भानही असेल. व्यासपीठावरचे सतरा जण किंचित कुजबुजले. आणि पहिल्या रांगेतून, पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्याच आवाजात, सुलाबाई ओरडली:

"गोरख्या! उजवा!"

तिने ते ठरवून म्हटलं नाही. तिला काही कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, हे तिने पुढे शंभर वेळा सांगितलं आणि ते खरंही होतं. गोरक्षनेही ठरवलं नाही. डावा हात आपोआप पाठीमागे गेला, फडकं बांधलेलं असावं तसा. उजवा पट्ट्यातून बाहेर आला, 'स्पर्श करू नये' हा कागद खाली पडला, आणि नारळ पट्टीवर बसला.

गोरक्ष ओरडला नाही. एवढ्या माणसांत ओरडणं बरं दिसलं नसतं.

"साहेब, एकदा परत," फोटोग्राफर नवनाथ खालून म्हणाला. "मधी नगरसेवकांचं डोकं आलं."

मंत्र्यांनी नारळ परत घेतला आणि परत दिला. या वेळी तो घसरू लागला, म्हणून त्यांनी आपुलकीने दुसऱ्या हाताने गोरक्षची बोटं नारळाभोवती मिटवली आणि वरून थोपटली. फोटो चांगला आला. गोरक्षच्या चेहऱ्यावरचे भाव कृतज्ञतेचे आहेत असं दुसऱ्या दिवशीच्या बातमीत लिहिलं होतं.

स्वरदा गर्दीतून व्यासपीठापर्यंत पोचल्या तेव्हा मंत्री गाडीत बसले होते. पट्टीच्या कडेने रक्त येत होतं.

"काय झालं?" देवव्रतांनी विचारलं.

"सरकलं," गोरक्ष म्हणाला. "आतून सरकलं, सर. मला कळलं." केसभर सरकलेलं ओळखणारा माणूस होता तो. देवव्रत मात्र म्हणाले, की असं बाहेरून सांगता येत नाही, आपण निरीक्षण करू.

निरीक्षण चार दिवस झालं. तेराव्या दिवशी ताप आला, चौदाव्या दिवशी वास. पंधराव्या दिवशी स्वरदांनी पट्टी उघडली, तेव्हा चकती पट्टीबरोबर निघून आली, दुधावरची साय निघावी तशी. खाली दोऱ्या करड्या पडल्या होत्या. त्यांनी पू साफ केला, औषधं बदलली, पुन्हा साफ केला. जुन्या उपायाचं गोरक्षने स्वतःहून विचारलं.

"आता शिवा ना मॅडम पोटाला. बेढब तर बेढब."

"पू आहे तोवर शिवता येत नाही. शिवला तर पोटही जाईल." त्यांनी पट्टीची गाठ मारली. "मंगळवारी आलात तेव्हाच शिवायला हवा होता."

पंचविसाव्या दिवशी तर्जनी आणि मधलं बोट काढलं. ती फटीवर फिरायची ती दोन. उरलेल्या हातावर मांडीची कातडी लावली. तो वाचला, पण वळेना.

महाविद्यालयाने चौकशी समिती नेमली. समितीने फोटो मागवले आणि दोन्ही फोटोंत गोरक्षने आपणहून उजवा हात पुढे केलेला स्पष्ट दिसत असल्याचं नोंदवलं. रुग्णाला पूर्वसूचना दिलेली होती, तालीम घेतलेली होती, पट्ट्यावर कागद लावलेला होता. रुग्णाने सूचनांचं पालन केलं नाही. गोरक्षला विचारलं तेव्हा तोही म्हणाला, "हो, मीच केला पुढं." देवव्रतांचा शोधनिबंध त्याच सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात मानवी रुग्णातले निष्कर्ष दहाव्या दिवसापर्यंत अत्यंत समाधानकारक असल्याचं म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. अकरावा दिवस अभ्यासाच्या कक्षेत नव्हता. नव्या इमारतीचा प्रस्ताव मंजूर झाला.

भारतशेठांनी शब्द पाळला. जागा दिली, गेटवर, खुर्चीसकट. चार नंबरच्या प्रेसवर पिवळा फलक लागला: 'सुरक्षा प्रथम'. तो लावायला भिंतीवर जागा नव्हती, म्हणून उजव्या बटणाच्या वरच ठोकला. पाचर त्याखाली झाकली गेली.

गोरक्ष पूर्वी गावाहून सातपूरला मोटारसायकलवर यायचा. मोटारसायकलचा एक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या मुठीत असतो, आणि मूठ राहिली नव्हती. मग एस.टी. रोज दोन बस जाताना, दोन येताना. गेटवरच्या पगारात ते जड जाऊ लागलं. कोणीतरी सांगितलं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढ, सवलतीचा पास मिळतो. तो आणि सुलाबाई एका बुधवारी तपासणीला गेले. रांगेत साडेचार तास उभे राहिल्यावर आत बोलावलं.

डॉक्टर तरुण होता आणि सभ्य होता. त्याने मनगट वळवून पाहिलं, उरलेली बोटं मोजली, तक्ता उघडला. सुलाबाई दाराशी उभी होती. त्या अकराव्या दिवसापासून ती फारशी बोलत नसे. घरात गोरक्ष डाव्या हाताने जेवायला बसला की आपलं ताट उचलून ओट्यापाशी जाई.

"उजवा हात कामाचा ना?" डॉक्टरने न बघताच विचारलं. "कामाचा हात असला की टक्के चढतात."

"हो," गोरक्ष म्हणाला.

"न्हाई सायेब." सुलाबाई पुढे आली.  "खोटं कशाला बोलू. त्यो जल्माचा डावरा. देवानं त्याला डावा दिला हुता, म्याच त्याचा बांधून ठिवला. म्याच वरडले उजवा म्हून. माझंच पाप हाय सगळं, लिहा तुमी. लिहा त्याच्यात."

"आई, गप."

"लिहा सायेब!"

डॉक्टरने गोरक्षकडे पाहिलं. "खरंय? मुळात डावखुरे?"

गोरक्षने समोरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती पदराने तोंड दाबून उभी होती. "खरंय," तो म्हणाला.

डॉक्टरने लिहिलं: 'जन्मतः डावखुरा. इजा कामाच्या हातास नाही.' मग त्याने बेरीज केली, ती एकदा तपासली आणि शिक्का मारला. गोरक्षने डाव्या हाताने सही केली. ती सरळ आली.

बेरीज एकोणचाळीस टक्के झाली. एस.टी.ची सवलत चाळीसपासून मिळते.